गृहखर्चाचे नियोजन : वस्तूंची पारख आणि आरोग्यविमा

खेडेगावात शाळा सुटल्यावर शिक्षकाच्या ओट्यावर जे कागद वाचून घेण्यासाठी येतात, त्यांत एके काळी तगाईची नोटीस आणि सासुरवाशिणीचे पत्र हे मुख्य असत. आता त्यांची जागा वीजबिलाने, हप्त्यांच्या करारपत्राने आणि विम्याच्या पुस्तिकेने घेतली आहे. ‘गुरुजी, हाई काय शे?’ असे म्हणून एखादा वृद्ध शेतकरी कागद पुढे करतो, तेव्हा गुरुजींना तो कळत असलाच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते. तथापि आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःच्या घरचे वीजबिलही देय रकमेपलीकडे वाचता येत नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेखकही काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांतलाच एक होता.

माझ्या घरी पहिला कुलर आला तो तालुक्याच्या बाजारातून. किंमत कमी होती. दुकानदाराने ‘बिल घेतले तर कर लागेल’ असे सांगितले व मी बिलाविना तो घेऊन आलो. मे महिन्यात तिसऱ्या आठवड्यात त्याची मोटार जळाली. दुकानदाराने ओळख दाखविली नाही. नवी मोटार बसविली, ती पुढील उन्हाळ्यात गेली. शिवाय त्याच्या पत्र्यास अर्थिंग नसल्याने ओल्या हाताला झिणझिण्या येत. हे लक्षात आले त्या दिवशी घरातील लहान मूल त्याच्याजवळ खेळत होते. तो कुलर मी त्याच संध्याकाळी भंगारात दिला. पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या आपल्या खानदेशात कुलर ही चैन नव्हे. म्हणूनच त्याची खरेदी निष्काळजीपणे करणे परवडत नाही.

वस्तू विश्वसनीय आहे की नाही, हे ओळखण्याची काही साधने आज उपलब्ध आहेत. विजेच्या इस्त्रीवर, वायरवर किंवा प्रेशर कुकरवर आय.एस.आय. चिन्ह असते. त्या चिन्हाखाली ‘सी.एम./एल.’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील सोयीत तो क्रमांक घातला, की परवाना कोणाचा व चालू आहे की नाही, ते दिसते. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. तपासायचा तो क्रमांक. दुसरे साधन म्हणजे ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित पट्टी. ही संस्था १ मार्च २००२ रोजी स्थापन झाली, आणि छताच्या पंख्यांवर ही पट्टी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. पट्टीवर तारे मोजून थांबू नये. ती कोणत्या काळासाठी दिली आहे, हेही तिच्यावर लिहिलेले असते. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या पट्टीवरील पाच तारे आजच्या मोजमापाने कमी भरतात. गोदामात पडून राहिलेला माल याच रीतीने ग्राहकाच्या गळ्यात पडतो.

महाग वस्तू केव्हा स्वस्त पडते, याचा निर्णय मात्र त्रैराशिकानेच होतो. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. ‘बीएलडीसी’ मोटारीचा नवा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट होते. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर असे २४० दिवस, रोज १५ तास पंखा चालतो असे धरू. ४५ वॅटची बचत गुणिले १५ तास म्हणजे रोज ०.६७५ युनिट, व २४० दिवसांत १६२ युनिट. हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला १,६२० रुपये वाचतात. दोन पंख्यांच्या किमतींत हजार-दीड हजार रुपयांचे अंतर असेल, तर ते एका वर्षात फिटते. परंतु हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज तीनच तास चालणार असेल, तर बचत ३२४ रुपयांची होते आणि दीड हजार रुपये फिटण्यास साडेचार वर्षांहून अधिक काळ लागतो. तेथे जुना पंखा फिरत असेल तर फिरू द्यावा. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढील प्रत्येक टप्प्याचा दर चढत जातो. म्हणून बचत झालेले युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातले असतात, हेही ध्यानात घ्यावे.

अखाजी आणि दसरा जवळ आला, की ‘शून्य टक्के व्याज’ अशा पाट्या लागतात. एका गृहस्थांचे करारपत्र मी वाचून दाखविले. फ्रिजची किंमत १८,००० रुपये, समान हप्ते बारा. मी त्यांना त्याच दुकानात रोख भाव विचारण्यास पाठविले. तो १६,८०० रुपये निघाला. वर ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून ४०० रुपये होते. म्हणजे ज्या व्याजाचे नाव शून्य होते, ते प्रत्यक्षात १,६०० रुपये होते. हप्ता घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही; रोख भाव विचारल्यावाचून घेऊ नये, एवढेच आहे. पक्के बिल, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख या तीन गोष्टी असतील, तर पुढे दादही मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि १९१५ या क्रमांकावर प्रथम सल्ला मिळतो.

आता आजारपणाकडे वळू. घरखर्चाची वही लिहिणारे शिक्षकही दोन प्रकारचे खर्च विसरतात. पहिला प्रकार वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा. समजा, विम्याचा हप्ता १८,०००, मुलांचे शुल्क ९,०००, सणाचे कपडे १२,००० आणि उपकरणांची दुरुस्ती ६,००० रुपये. एकूण ४५,०००, बाराने भागले असता महिना ३,७५०. ही रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला पडली, तर जून महिन्यात पतपेढीचे दार ठोठवावे लागत नाही. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये झाले. त्यातून ३,७५० काढणे म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, आणि ते होणार नाही, हे मला कळते. अशा तरुणाने कपडे व दुरुस्ती यांना कात्री लावावी, पण विम्याचा हप्ता शेवटपर्यंत राखावा. बाजूला काढलेले पैसे कोठे ठेवावेत, याविषयीही दोन शब्द. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था मात्र येत नाहीत. जळगाव जिल्ह्यातील पतसंस्थांमध्ये ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरा विसरलेला खर्च म्हणजे रुग्णालयाचा. रावेर-यावलकडील केळीचा शेतकरी वारा, ऊन आणि थंडी यांपासून बागेचा हवामानाधारित विमा उतरवितो. त्या बागेत राबणाऱ्या घरातील माणसांचा उतरवीत नाही. आपणांस वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा आधार असतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु प्रतिपूर्ती हा शब्दच सांगतो, की पैसे आधी भरायचे आणि नंतर मागायचे. मधल्या काळात दागिने गहाण पडतात.

आमच्या केंद्रातील एका गुरुजींनी हे ओळखून विमा उतरविला होता. प्रस्ताव-पत्र प्रतिनिधीने भरले. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिले आणि गुरुजींनी न वाचता सही केली. त्यांच्या पत्नीस रक्तदाबाच्या गोळ्या चार वर्षांपासून चालू होत्या. चौदा महिन्यांनी हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या कागदांत गोळ्यांची नोंद होतीच. विमा कंपनीने दावा नाकारला. बाई बऱ्या झाल्या, परंतु मुलीच्या लग्नासाठी जमविलेले सोने जळगावच्या सराफ बाजारात गेले. ‘रक्तदाब हा काय आजार आहे, सगळ्यांनाच असतो,’ असे ते मला म्हणाले होते. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

खरे लिहिले असते तर काय झाले असते? हप्ता कदाचित थोडा वाढला असता, आणि त्या आजाराकरिता प्रतीक्षाकाल लागला असता. एप्रिल २०२४ पासून हा काल जास्तीत जास्त तीन वर्षे ठरविण्यात आला आहे. पूर्वी तो चार वर्षे होता. म्हणजे चौदाव्या महिन्यातील तो दावा तेव्हाही कदाचित बसला नसता. परंतु पॉलिसी जिवंत राहिली असती, आणि ज्याचा रक्तदाबाशी संबंध नाही, असा प्रत्येक आजार तिच्यात आला असता. सलग पाच वर्षे हप्ते भरले गेल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, असाही नियम आहे. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत न पटल्यास ती परत करता येते. ते तीस दिवस पुस्तिका वाचण्यासाठीच आहेत.

पुस्तिकेत खोलीभाड्याची मर्यादा आधी शोधावी. मर्यादा दिवसाला ३,००० रुपये असून आपण ६,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही. ३,००० ला ६,००० ने भागल्यास जे निम्मे प्रमाण येते, तेच डॉक्टरांच्या व शस्त्रक्रियेच्या शुल्कालाही लागू होते. ६०,००० रुपयांचे शुल्क असेल तर ३०,००० च मंजूर होतात. औषधे व तपासण्या यांस ही कपात लागत नाही. रुग्णास चांगली खोली मिळावी, ही आपली माया. तिची किंमत भरती होण्यापूर्वी ठाऊक असावी.

हप्ता जड वाटणाऱ्यांस अलीकडे थोडा दिलासा मिळाला आहे. वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठविण्यात आला. तरीही एकच मोठी पॉलिसी घेण्याऐवजी लहान मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ‘सुपर टॉप-अप’ घेणे बहुधा स्वस्त पडते. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च मूळ पॉलिसीने सोसायचा, त्यापुढचा वरच्या पॉलिसीने.

गावातील पालकांसाठी मात्र पहिली चौकशी शासकीय योजनेची करावी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. जळगावला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये उर्वरित राज्याबरोबर मिळाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि संरक्षण कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही विस्तारित योजनेत घेण्यात आली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. उपचारांची यादी ठरलेली असते व बदलत असते. प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला विचारावे. येथे अडचण बहुधा पैशाची नसून कागदाची असते. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढलेले नसते, आधारपत्रावर ‘सुमनबाई’ तर शिधापत्रिकेवर ‘सुमन’ असते, आणि हे कळते ते रात्री दोन वाजता, रुग्णवाहिका धुळ्याच्या वाटेवर असताना.

याकरिता इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांत दोन पाठ घेऊन पाहावेत. मी ते तीन वर्षे घेत आहे. पहिल्या पाठासाठी मुलांनी सात दिवस एकाच वेळी घरच्या मीटरचा आकडा वहीत उतरवावा. वजाबाकी, सरासरी, तीस दिवसांचा अंदाज आणि नंतर आलेल्या बिलाशी पडताळा, एवढे गणित त्यात सहज होते. एका मुलीच्या घरचा आकडा सर्व दिवे बंद असतानाही पुढे सरकत होता. वायरमनला बोलाविले, तेव्हा न्हाणीघरातील हीटरच्या वायरीतून वीज गळत असल्याचे आढळले. दुसऱ्या पाठासाठी मुलांनी घरातील प्रत्येकाचे नाव शिधापत्रिकेवर व आधारपत्रावर कसे लिहिले आहे, ते दोन स्तंभांत उतरवावे. आधारचा क्रमांक मुळीच लिहू नये, केवळ नावे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील ३१ मुलांपैकी १२ जणांच्या घरी किमान एक नाव जुळत नव्हते. त्या बारा कुटुंबांची यादी मी पालकसभेत न वाचता प्रत्येकाच्या घरी जाऊन दिली. दिवाळीपर्यंत नऊ घरांची दुरुस्ती झाली. उरलेल्या तिघांपैकी दोघे ऊसतोडीला गेले होते. त्यांचे कागद ते परत आल्यावर तहसील कार्यालयात दिले.