फॉर्म फोरपर्यंतचे पैसे

परदेशातल्या मुलींच्या शिक्षणासाठी पैसे जमवणे अवघड नसते. मी हे म्हटले की लेस्टरमधले आमचे मराठी लोक हसतात, कारण गणपतीच्या वर्गणीसाठी एकेकाला किती फोन करावे लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरेच सांगते, गणवेशातल्या एका मुलीचा फोटो, तिच्या गावापासून शाळा किती लांब आहे याची दोन वाक्ये आणि दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाआधीची दहा मिनिटे एवढे मिळाले की पाकिटे उघडतात. पंचाईत होते ती पुढच्या वर्षी. त्याच मुलीसाठी पुन्हा मागायला गेलात की लोक म्हणतात, "तिचे तर गेल्या वर्षीच दिले ना?"

मी ज्या छोट्या संस्थेत खजिनदार म्हणून गेले, तिचे काम टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत चालते. संस्था म्हणजे ती स्थापन करणारे एक निवृत्त शिक्षक जोडपे, मोजके विश्वस्त आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या फायली. पगारी माणूस एकही नाही. कुणी पै खाल्ली नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पैसे अडले म्हटले की आपला पहिला संशय तिकडेच जातो. अडचण हिशेबाची होती, आणि सगळे हिशेब चोख असूनही होती.

मुळात तिथे फी नाहीच. टांझानियाने 2016 पासून सरकारी शाळांत फॉर्म फोरपर्यंतची फी बंद केली. फॉर्म वन ते फॉर्म फोर ही सातवीनंतरची चार वर्षे. मग पैसे कशाला, असे एका गृहस्थांनी मला भर कार्यक्रमात विचारले, आणि प्रश्न रास्त होता. दर वॉर्डात एक माध्यमिक शाळा हवी म्हणून तिथे 2006 नंतर भराभर शाळा उभ्या राहिल्या. पण ग्रामीण वॉर्ड म्हणजे अनेक गावे मिळून एक. रोजची पायपीट टाळायला मुली शाळेजवळ खोली भाड्याने घेतात. अशा खोलीला तिकडे 'गेटो' म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, घरून आणलेले मक्याचे पीठ, आणि पीठ संपले की उसनवारी. कोणी मोटारसायकलवरून शाळेत सोडतो, कोणी चार पैसे देतो. त्याच्या बदल्यात काय मागतो ते लिहायला नको. म्हणून वसतिगृह लागते, आणि संस्थेचा बहुतेक पैसा तिथली जागा, जेवण, वह्या आणि सॅनिटरी पॅड यांवर जातो. (पॅडची खोकी इथूनच पाठवू या, असे दरवर्षी कोणीतरी सुचवते. तिथल्या दुकानात पॅड मिळतात. तिथल्या सरकारने त्यांच्यावरचा कर 2018 मध्ये काढून पुढच्या वर्षी परत लावला हे खरे, पण तरीही जहाजभाडे आणि जकात भरण्यापेक्षा तिथे विकत घेतलेले बरे.)

आता यातली नाजूक गोष्ट. टांझानियाच्या 1971 च्या विवाह कायद्यात आईवडिलांच्या संमतीने मुलीचे लग्न पंधराव्या वर्षी होऊ शकते. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ती कलमे घटनाबाह्य ठरवली, 2019 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच 2016 साली शिक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन, शाळेत शिकणाऱ्या मुलीशी लग्न करणाऱ्याला तीस वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. म्हणजे शाळेच्या पटावर नाव असणे हेच तिचे संरक्षण. नाव गेले की तिच्याकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलते. आणि नोव्हेंबर 2021 पर्यंत तर गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेत परत घेतच नसत. अशा ठिकाणी सहा महिन्यांचे पैसे चुकणे म्हणजे नुसते सहा महिने वाया जाणे नव्हे.

आणि छोट्या संस्था नेमके हेच पैसे चुकवतात. समजा, एका मुलीचा वर्षाचा खर्च 300 पौंड धरला आणि दर जानेवारीत दहा नव्या मुली घेतल्या. पहिल्या वर्षी 3,000 पौंड लागतात, दुसऱ्या वर्षी 6,000, चौथ्या वर्षी 12,000. जमणारा पैसा मात्र साधारण तेवढाच राहतो, कारण इथली ओळखीची माणसे तेवढीच. नव्या मुली घेतल्या नाहीत तर नवे फोटो नाहीत, नवे फोटो नाहीत तर नवे देणगीदार नाहीत. म्हणून तूट दिसू लागली की संस्था आणखी मुली घेते. भिशी चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे गणित एका दमात कळेल, पण दान म्हटले की शहाणी माणसेही पुढची वर्षे मोजत नाहीत.

आमच्याकडे ते जुलैत उघडे पडले. वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेचे पत्र आले: फॉर्म थ्रीच्या मुलींचे दुसऱ्या सहामाहीचे पैसे पोचलेले नाहीत, मुलींना घरी पाठवले आहे. त्या दिवशी बँकेत पैसे होते. पण ते फॉर्म वनच्या मुलींच्या नावाने, त्यांचे फोटो दाखवून जमवलेले. इंग्लंडच्या कायद्यात एका कामासाठी मागितलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. देणाऱ्यांना विचारावे लागते, आणि उत्तरे यायला वेळ लागतो. बहुतेक मुली उशिरा का होईना परत आल्या. एक आली नाही. तिचे लग्न झाल्याचे आम्हाला डिसेंबरात कळले.

तेव्हा पैसे मागणाऱ्यांना माझे पहिले सांगणे आवाहनाच्या मजकुराबद्दल आहे. एका मुलीच्या नावाने मागू नका. 'वसतिगृहातल्या मुलींच्या राहण्या-जेवणासाठी' असे मागा, आणि पैसे कमी पडले किंवा उरले तर कुठे वापरणार तेही त्याच कागदावर छापा. लोक थोडे कमी देतात. आमच्या मराठी मंडळातला एक तरुण मला म्हणाला, "ताई, फोटो असता तर मुलांना दाखवला असता. त्यांनाही कळलं असतं आपण कोणाला मदत करतोय." मी त्याला विचारले, "तुझ्या मुलीचा फोटो, शाळेचं नाव आणि घरची गरिबी असं सगळं एका कागदावर छापून अनोळखी लोकांत वाटलेलं चालेल का रे तुला?" तो बिचारा ओशाळला. मला जरा जास्तच लागट बोलायची सवय आहे.

देणाऱ्यांनी काय बघावे? संस्था लहान आहे यात वाईट काही नाही. वर्षाला 5,000 पौंडांवर उत्पन्न असलेल्या इंग्लंडमधल्या धर्मादाय संस्थेला चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, तिचे पान कोणालाही उघडून पाहता येते आणि कागद वेळेवर भरले की नाही हेही तिथे दिसते. पण त्या पानावर न दिसणारी गोष्ट विचारा: प्रत्येक फॉर्ममध्ये आज किती मुली आहेत आणि त्यांची उरलेली वर्षे पुरी करायला लागणाऱ्या पैशांपैकी किती बँकेत आहेत? ज्या संस्थेने हा विचार केला आहे तिला उत्तर द्यायला पाच मिनिटे लागतात. उत्तराऐवजी मुलींची आभारपत्रे आली तर समजून जा. दुसरे, संस्थापक आजारी पडले तर पैसे कोण पाठवणार? आमच्याकडे बँकेत पासवर्ड एकाचाच चालायचा. आता दोघांची मंजुरी लागते, आणि पैसे थेट वसतिगृहाच्या खात्यात जातात. कोणाच्या भाच्याच्या मोबाइलवर नाही.

कराचा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यात खरा पैसा आहे. इथे आयकर भरणाऱ्याने गिफ्ट एडचा फॉर्म भरला की प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला 25 पेन्स देते. आपल्या कार्यक्रमांत यातच घोळ होतात. दिवाळीच्या जेवणाच्या तिकिटावर गिफ्ट एड मिळत नाही, कारण पैशाच्या बदल्यात जेवण मिळाले. ऑफिसात डबा फिरवून जमवलेली रक्कम स्वतःच्या नावाने देऊन फॉर्म भरणेही चालत नाही. तिकीट वेगळे आणि देणगी वेगळी ठेवा. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी देणगी म्हणजे बँकेतून दर महिन्याला आपोआप जाणारी दहा पौंडांची स्टँडिंग ऑर्डर. गिफ्ट एड धरून वर्षाचे 150 पौंड होतात, आणि मुख्य म्हणजे ते पुढच्या वर्षीही येतात.

स्वतः तिकडे जाऊन शिकवण्याची हौस असेल, तर तिथे प्राथमिक शाळा स्वाहिलीतून आणि माध्यमिक शाळा इंग्रजीतून चालते हे आधी समजून घ्या. फॉर्म वनच्या मुली तिथेच अडखळतात. त्यांना दोन्ही भाषा येणारी तिथली शिक्षिका सुट्टीत महिनाभर मिळाली तर फरक पडतो. आपण पंधरा दिवस जाऊन गाणी शिकवली तर आपल्याला बरे वाटते. शिवाय पर्यटकाच्या व्हिसावर असे काम करता येत नाही.

याच प्रदेशात कधी काळी एक मराठी माणूस उलट्या दिशेचे काम घेऊन आला होता. डिसेंबर 1930 मध्ये महर्षी कर्वे वयाच्या बहात्तराव्या वर्षी आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि भारतातल्या स्त्रियांसाठी चाललेल्या आपल्या कामाची माहिती सांगत केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार असे सव्वा वर्ष फिरले. टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. त्यांचे महिला विद्यापीठ तेव्हा चौदा वर्षे चालू होते. हे मी मंडळात सांगते तेव्हा लोकांना त्यांचा दौरा भावतो. मला ती चौदा वर्षे महत्त्वाची वाटतात.

यंदाच्या जानेवारीत आम्ही एकही नवी मुलगी घेतली नाही. आधीच्या सगळ्या मुलींचे फॉर्म फोरपर्यंतचे पैसे बाजूला पडेपर्यंत घेणार नाही, असा ठराव विश्वस्तांनी केला. संस्थापक बाईंना तो अजून पचलेला नाही; दारात आलेल्या मुलीला नाही कसे म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचे चांगले उत्तर नाही. तरी गेल्या दिवाळीत त्यांनीच माइक घेतला आणि कोणाचाही फोटो न दाखवता फॉर्म थ्रीच्या मुलींच्या जेवणाचे पैसे मागितले. डब्यात आदल्या वर्षीपेक्षा कमी पडले. स्टँडिंग ऑर्डरचे कोरे फॉर्म मात्र कमी पडले, शेवटी एकाने आपला बँकेचा तपशील जेवणाच्या रुमालावर लिहून दिला.