वाघीण आहे कुठे? : छोट्या रेल्वेचं सॉफ्टवेअर

डीबीएमएसच्या मिनी-प्रोजेक्टला आपल्याकडे विषय तीनच. लायब्ररी, हॉस्पिटल आणि मेसचं बिल. मी चौथा सुचवतो. अमेरिकेतल्या छोट्या रेल्वे कंपन्या मालाच्या वाघिणींचा हिशोब कसा ठेवतात, तो. (कॉन्व्हेंटवाल्यांनी दचकू नये, मीही त्यातलाच. वाघीण म्हणजे वॅगन.)

आपल्याकडे मालगाडी बहुतेक वेळा पूर्ण रेकची जाते. तिकडे एकेक वाघीणसुद्धा बुक होते. १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नको असलेल्या शाखा विकणं सोपं झालं आणि त्या शाखांवर छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांना 'शॉर्ट लाइन' म्हणतात. आज अशा सुमारे ६०० आहेत. काहींकडे जेमतेम दोन इंजिनं आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. काम एवढंच की मोठ्या रेल्वेकडून इंटरचेंजला वाघिणी घ्यायच्या, कारखान्याच्या सायडिंगला लावायच्या आणि रिकाम्या झाल्या की परत नेऊन द्यायच्या.

गंमत अशी की ती वाघीण बहुधा या कंपनीची नसतेच. ज्याच्या रुळावर ती उभी, त्याने मालक रेल्वेला भाडं द्यायचं. ते तासावर आणि मैलावर लागतं. पूर्वी दिवसावर होतं, मध्यरात्री वाघीण ज्याच्याकडे सापडेल त्याच्या नावावर दिवस. त्यामुळे बारा वाजायच्या आत वाघिणी शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलायची धांदल चालायची. (सबमिशनच्या आदल्या रात्रीचं हॉस्टेल आठवा!) आता घड्याळ तासाचं असल्यामुळे इंटरचेंजची वेळ चुकीची टाकली की पैसे गेलेच. दुसऱ्या बाजूने, कारखान्याने ठरलेल्या मोकळ्या वेळेपेक्षा जास्त वाघीण अडवली तर त्याच्याकडून डेमरेज घ्यायचं. एक मीटर आपल्या अंगावर, एक गिऱ्हाइकाच्या. छोट्या कंपनीचा नफा याच दोन मीटरांच्या मधे कुठेतरी असतो.

आता टेबल बनवायला बसलात तर पहिल्यांदा काय कराल? 'वाघीण क्रमांक' आणि 'सध्याचं ठिकाण', असे दोन कॉलम. इथेच फसगत होते. समजा कारखान्याची सायडिंग भरलेली आहे आणि नवी वाघीण आत घेताच येत नाही. मग रेल्वे ती आपल्या यार्डात उभी करते आणि गिऱ्हाइकाला तसं कळवते. याला 'कन्स्ट्रक्टिव्ह प्लेसमेंट' म्हणतात. वाघीण यार्डात आहे, पण हिशोबाला ती गिऱ्हाइकाकडे पोचली असं धरून डेमरेजचं घड्याळ सुरू! एका कॉलमात हे बसत नाही. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर ठिकाण साठवत नाही, घटना साठवतं. इंटरचेंजला मिळाली, सूचना दिली, सायडिंगला लावली, रिकामी झाल्याचा निरोप आला, उचलली, परत दिली. प्रत्येकीला वेळ. ठिकाण आणि बिल दोन्ही त्यातून काढायचं. एखादी नोंद चुकली तर खोडायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद टाकायची, कारण सहा महिन्यांनी भांडण आलं की पुरावा तोच.

शिवाय क्रम. एका बाजूने बंद असलेली सायडिंग म्हणजे चक्क आपला स्टॅक. आतली तिसरी वाघीण हवी तर पुढच्या दोन आधी ओढून बाहेर काढा. दोन्हीकडून उघडी असेल तर डेक्यू. इन्फिक्सचं पोस्टफिक्स करायच्या डाइक्स्ट्राच्या पद्धतीला शंटिंग यार्ड अल्गोरिदम हे नाव उगाच नाही पडलं. वाघिणी कुठल्या क्रमाने उभ्या आहेत हे प्रोग्रामला माहीत नसेल तर त्याने छापून दिलेली शंटिंगची यादी घेऊन गार्ड पावसात उभा राहणार आणि आपल्याला शिव्या देणार.

वाघिणीवर मालकाची दोन ते चार अक्षरं आणि जास्तीत जास्त सहा आकडे असतात. शेवटचं अक्षर एक्स असेल तर मालक रेल्वे नाही. आपल्या भारतीय वाघिणीचा नंबर अकरा आकडी, त्यातला शेवटचा चेक डिजिट. एक आकडा चुकीचा वाचला तर गणित जुळत नाही आणि चूक लगेच पकडता येते. अमेरिकन नंबरात ती सोय नाही. हे मला तरी आपल्याकडचं जास्त शहाणं वाटतं.

नंबर मशीनने वाचायचा प्रयत्न फार आधी झाला. १९६७ मध्ये तिकडच्या रेल्वे संघटनेने 'कारट्रॅक' स्वीकारलं. वाघिणीच्या अंगावर रंगीत पट्ट्या, रुळाकडेला प्रकाशाने वाचणारं यंत्र. म्हणजे बारकोडचा थोरला भाऊच. लॅबमध्ये छान चाललं. रुळावर धूळ, चिखल, तेल बसलं, पट्ट्या कोणी पुसल्या नाहीत, आणि काही वर्षांत पाचातली एक वाचता येईना. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गुंडाळलं. नव्वदच्या दशकात रेडिओ टॅग आले, ते टिकले.

पण वाचलेला नंबर बरोबर म्हणजे सगळं बरोबर असं नाही. ६ जुलै २०१३ च्या पहाटे कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी उतारावरून आपोआप सुटली आणि ४७ माणसं गेली. रेल्वे छोटीच होती. गाडी सुटण्यात हँडब्रेक पुरेसे न लावणं हे एक मोठं कारण निघालं. पण तपासात असंही दिसलं की तेल कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त ज्वालाग्राही होतं. वाघिणींचे नंबर बरोबर, तेलाचा वर्ग चुकीचा. माल पाठवणाऱ्याने जे भरलं तेच प्रत्येक कॉम्प्युटर पुढे पाठवत राहतो. आग विझवायला गेलेला माणूस याच कागदावर विश्वास ठेवतो, त्यामुळे 'मालाचा वर्ग' हा रकाना कोणी भरला आणि कशावरून, हे साठवल्याशिवाय प्रोजेक्टला मार्क देऊ नयेत असं माझं मत.

हात साफ करायचा असेल तर जेएमआरआय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. खेळण्यातल्या, म्हणजे मॉडेल रेल्वेवाल्यांसाठी केलेलं, जावामध्ये, सोर्स कोडसकट. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसेन त्याच्या मुळाशी. त्याच्या फाइली कोणीतरी नाव न देता आपल्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या, तेव्हा ते कोर्टात गेले, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी कॉपीराइटखाली लागू होऊ शकतात. तेव्हा कोड घ्या, पण नावासकट. त्यातल्या ऑपरेशन्स विभागात ठिकाणं, सायडिंग, वाघिणी आणि गाड्या भरल्या की तो गाडी 'बांधतो' आणि शंटिंगची यादी छापतो. खरे रूळ नसले तरी चालतं. दोन इंजिनं, एक इंटरचेंज, तीन कारखाने आणि वीस वाघिणी एवढ्यावर सुरुवात करा. एका कारखान्याची सायडिंग मुद्दाम तीनच वाघिणींची ठेवा आणि त्याला पाच पाठवा.