पाळी जाताना सोसू नका, विचारा

पाळी जशी येते, तशी ती एक दिवस जाते. मुलगी वयात आली की पाळी सुरू होते. बाईने चाळिशी ओलांडली की काही वर्षांनी ती थांबते. आपल्या देशात पुष्कळ बायकांची पाळी ४५ ते ५० या वयात जाते. कोणाची थोडी आधी जाते, कोणाची थोडी उशिरा. हा रोग नव्हे. केस पांढरे होतात, नजर कमी होते, तसाच हाही वयाचा फेर आहे.

पण हा फेर सगळ्यांना सारखा जात नाही. काही बायकांना कसलाच त्रास होत नाही. काही जणींचे मात्र खाणे, झोपणे, काम करणे अवघड होते. “बाईच्या जातीला हे चालायचेच,” असे म्हणून त्या सोसत राहतात. या त्रासावर औषध आहे. ते कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये आणि कोणाला विचारून घ्यावे, ते या पाठात वाचू.

पाळी का जाते?

बाईच्या ओटीपोटात पिशवी असते. तिला गर्भाशय म्हणतात. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. त्यांत बीज तयार होते. शिवाय त्यांतून एक प्रकारचा रस निघून रक्तात मिसळतो. या रसाला डॉक्टर हॉर्मोन म्हणतात. बाईच्या अंगात असे दोन मुख्य रस असतात. एकाचे नाव इस्ट्रोजेन, दुसऱ्याचे प्रोजेस्टेरॉन. पाळी येते ती यांच्यामुळे. हाडे बळकट राहतात, खालची जागा ओलसर राहते, ती इस्ट्रोजेनमुळे.

उन्हाळ्यात विहीर आटते, तसा वयाप्रमाणे हा रस आटत जातो. तो एका दिवसात आटत नाही. काही वर्षे कधी जास्त, कधी कमी असे चालते. म्हणून पाळी मागेपुढे होते. शेवटी ती थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली असे समजावे. त्याआधी एखादा महिना चुकला, तर दिवस गेलेलेही असू शकतात. हे विसरू नये.

त्रास कोणता होतो?

बसल्या बसल्या छातीतून आणि मानेतून तोंडावर गरम वाफ चढते. अंग पेटल्यासारखे वाटते. घाम फुटतो. चार-पाच मिनिटांत वाफ उतरते आणि मग थंडी वाजते. रात्री असे झाले की चोळी भिजते, झोप मोडते. झोप नाही म्हणून दिवसा अंग गळून जाते. चिडचिड होते, उगाच रडू येते, ठेवलेली वस्तू आठवत नाही. खालची जागा कोरडी पडते. लघवीला जळजळ होते. नवऱ्याजवळ जाणे दुखरे होते, आणि हे तर बाई कोणालाच सांगत नाही.

घरातली माणसे म्हणतात, “हिला बाहेरचे काही झाले.” मग देवऋषी येतो, अंगारा होतो, कोंबडे जाते. पैसा जातो, त्रास तसाच राहतो. ही बाहेरची बाधा नव्हे. अंगातला रस आटल्याने हे होते.

औषध काय आहे?

जो रस अंगात कमी पडला, तोच औषधाच्या रूपाने थोडा थोडा द्यायचा, हे या उपचाराचे तत्त्व आहे. त्याला हॉर्मोनचा उपचार म्हणतात. तो गोळीने देतात. त्वचेला चोळायच्या जेलनेही देतात. फक्त खालच्या जागेचा त्रास असेल, तर तेथे लावायचे मलमही मिळते.

हा उपचार जुना आहे. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मुतापासून केलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या विक्रीला आल्या. पुढे १९७५ साली एक गोष्ट ध्यानात आली. ज्या बाईची पिशवी जागेवर आहे, तिने नुसते इस्ट्रोजेन घेतले, तर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा बाईला प्रोजेस्टेरॉनही द्यावे लागते. त्याने अस्तराचे रक्षण होते.

मग २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीची बातमी आली. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या थोड्या जास्त आढळल्या. जगभर भीती पसरली. लाखो बायकांनी औषध सोडले. पण धोका किती होता ते पाहा. दहा हजार बायकांनी वर्षभर औषध घेतले, तर त्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या ८ जणी जास्त निघाल्या. मांडीचे हाड मोडणाऱ्या मात्र ५ जणी कमी झाल्या. शिवाय त्या पाहणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते.

पुढे याचा नीट विचार झाला. बाईचे वय ६० च्या आत आहे, किंवा पाळी जाऊन १० वर्षे झालेली नाहीत, आणि त्रास फार आहे, तर बहुतेक निरोगी बायकांना या औषधाचा धोका कमी आणि फायदा जास्त, असे आज डॉक्टर मानतात. औषधाला धोका आहे. म्हणून ते विचारून घ्यायचे. पण धोका आहे म्हणून सगळ्यांनीच सोसायचे, असेही नाही.

डॉक्टरीणबाईंकडे काय बोलावे?

एक सासू आणि सून ग्रामीण रुग्णालयात गेल्या. त्यांचे बोलणे वाचा.

डॉक्टरीणबाई : बसा मावशी. काय होतंय?

सासू : काही नाही बाई. जरा अंग गरम होतं.

सून : जरा नाही हो. आत्याबाईंना रात्रभर झोप नाही. तीन-तीनदा उठून अंगणात जाऊन बसतात. थंडीतसुद्धा!

डॉक्टरीणबाई : मावशी, लाजू नका. वय किती? पाळी शेवटची कधी आली?

सासू : एकोणपन्नास असेल. गेल्या दसऱ्याला आली होती. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

डॉक्टरीणबाई : त्यानंतर अंगावर कधी थोडंसुद्धा लाल गेलं?

सासू : नाही.

डॉक्टरीणबाई : स्तनात गाठ? पायात कधी रक्ताची गुठळी? पक्षाघात, काळजाचं दुखणं, कावीळ?

सासू : यातलं काही नाही. पण बाई, शेजारीण म्हणते, पिशवीच काढून टाक, म्हणजे कटकट संपली.

डॉक्टरीणबाई : कटकट पिशवीची नाहीच, मावशी. पिशवी काढली तर गरम वाफा थांबत नाहीत. बीजकोशही काढले तर उलट वाढतात. आधी मी तुमचा रक्तदाब बघते. स्तन तपासते. पोटाची तपासणी करू. सगळं ठीक असलं तर औषध देते. तुमची पिशवी जागेवर आहे, म्हणून दोन औषधं लागतील. एक जेल, तो रोज दंडाला चोळायचा. एक गोळी, ती रात्री घ्यायची.

सासू : जेल कशाला? गोळीच द्या की.

डॉक्टरीणबाई : गोळीपेक्षा त्वचेतून जाणाऱ्या औषधानं रक्ताची गुठळी होण्याची भीती कमी असते. पण दोनपैकी एक घेतलं आणि एक ठेवलं, असं करायचं नाही.

सून : किती दिवस घ्यायचं, बाई?

डॉक्टरीणबाई : तीन महिन्यांनी मला दाखवा. मग दर वर्षी. गरज आहे तोवर घ्यायचं, गरज संपली की माझ्या सांगण्यानं थांबवायचं. मधे रक्त गेलं, पाय सुजून दुखला, छातीत दुखलं, तर लगेच यायचं.

सासू : सुनेनं बोलली म्हणून बरं झालं. मी तशीच गेले असते.

पिशवी काढण्याची घाई नको

आपल्या राज्यात हा प्रश्न मोठा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची हकिगत २०१९ साली वर्तमानपत्रांत आली. पाळीच्या दुखण्याने काम चुकले की खाडा, आणि खाडा झाला की दंड. म्हणून कितीतरी बायकांनी ऐन तरुणपणी पिशवी काढून घेतली होती. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली.

काही वेळा पिशवी काढणे खरोखर गरजेचे असते. कॅन्सर असला किंवा दुसऱ्या औषधाने रक्त थांबेना, तर डॉक्टर तसे सांगतात. पण त्याआधी दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचेही मत घ्यावे. आणि एक प्रश्न नक्की विचारावा : “बीजकोश ठेवणार की काढणार?”

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश रस देत राहतात. दोन्ही बीजकोश काढले तर तो रस एका दिवसात तुटतो. तिशी-पस्तिशीतल्या बाईला मग गरम वाफांचा जोराचा त्रास होतो. हाडे लवकर ठिसूळ होतात. काळजाच्या दुखण्याचाही धोका वाढतो. अशा बाईला हॉर्मोनच्या उपचाराची गरज सर्वांत जास्त असते. दुसरी काही अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते औषध घ्यावे, असे डॉक्टर सांगतात. ज्यांची पाळी चाळिशीच्या आत आपोआप गेली, त्यांनाही हेच लागू आहे.

तुमची पिशवी काढली असेल, तर शस्त्रक्रियेचा कागद शोधा. बीजकोश काढले की ठेवले, ते त्यावर लिहिलेले असते. कागद इंग्रजीत असेल, तर नर्सबाईंकडून वाचून घ्या. तो कागद जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

हे औषध कोणी घेऊ नये?

ज्यांना स्तनाचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला आहे, ज्यांना रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयाचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे यकृत बिघडले आहे, आणि ज्यांच्या अंगावर कारण न कळता रक्त जाते, त्यांनी हे औषध घेऊ नये. अशा बायकांसाठी गरम वाफा कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या असतात. दुकानातून मनाने औषध आणू नये. शेजारणीचे औषधही घेऊ नये.

घरी काय करावे?

सुती, सैल कपडे घालावे. रात्री उशाशी पाणी ठेवावे. फार तिखट आणि कडक चहा यांनी वाफा वाढतात असे वाटले, तर ते कमी करावे. नाचणीची भाकरी, तीळ, ताक, दूध, पालेभाजी हाडांना चांगली. रोज चालावे, सकाळी उन्हात बसावे. तंबाखू आणि मशेरी सोडावी.

पुरुषांनीही हे वाचावे. घरातली बाई चिडली, तर भांडू नये. “दवाखान्यात जाऊ या,” असे आपण होऊन म्हणावे. ती जवळ येत नाही म्हणून रुसू नये. तिला दुखते, हे समजून घ्यावे.

लक्षात ठेवा

१. पाळी जाणे हा रोग नाही. पण त्रास असेल तर सोसायचे कारण नाही.

२. आधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात केस पेपर काढा. तेथून मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतात.

३. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी रक्त गेले, तरी लगेच तपासून घ्या. ते कॅन्सरचे चिन्ह असू शकते. “गेलेली पाळी परत आली,” असे समजू नका.

४. पिशवी काढण्यापूर्वी दोन डॉक्टरांना विचारा.

शब्द आणि अर्थ

हॉर्मोन – शरीरात तयार होऊन रक्तात मिसळणारा रस
बीजकोश – जेथे स्त्रीचे बीज तयार होते तो अवयव
अस्तर – आतला थर
यकृत – काळीज म्हणून कोंबडी-बकऱ्याचे जे मिळते, तो अवयव
स्त्रीरोगतज्ज्ञ – बायकांच्या दुखण्याचे खास डॉक्टर
खाडा – कामाला न गेलेला दिवस

प्रश्न

१. पाळी गेली, असे केव्हा समजावे?

२. पिशवी जागेवर असलेल्या बाईला दोन औषधे का देतात?

३. पाठातल्या सासूने सुरुवातीला “काही नाही बाई” असे का म्हटले असेल?

४. तुमच्या ओळखीच्या एखाद्या बाईला असा त्रास आहे का? तिला हा पाठ वाचून दाखवा.