श्रुतिका ऐकायच्या, तर खर्च किती?

माहुलमध्ये राहून आकाशवाणीवरच्या श्रुतिका, नभोनाट्यं आणि परदेशातली जुनी रेडिओ नाटकं नियमानं ऐकायची असतील, तर खिशातून किती जातील? घरात स्मार्टफोन असेल तर जवळजवळ काहीच नाही. रेडिओचा सेटच हवा असेल तर एकदाच दीड-अडीच हजार. एवढ्यावर हा छंद वर्षानुवर्षं चालतो. तरीही लोकांचे पैसे जातात, ते भलत्याच जागी: मध्यम लहरी न पकडणारा रेडिओ, आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी, आणि फुकट मिळणाऱ्या नाटकांनी भरलेले विकतचे पेनड्राइव्ह. खाली दिलेले बाजारभाव ढोबळ आहेत. दुकानागणिक थोडे पुढेमागे होतील.

एकेकाळी हे ऐकणं याहून महाग होतं. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं आणि पुढे कित्येक दशकं रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकात ही भानगड संपली. आज पोस्टात जायला नको की परवानाही नको.

सुरुवात फोनपासून करा. प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एआयआर’ हे ॲप मोफत आहे आणि त्यावर मुंबईच्या अस्मिता वाहिनीपासून विविध भारतीपर्यंत आकाशवाणीच्या कितीतरी वाहिन्या थेट ऐकता येतात. डेटा संपेल ही भीती अनेकांना असते, ती हिशेब मांडला की जाते. ६४ केबीपीएसचं प्रसारण तासाला साधारण २९ एमबी खातं. म्हणजे अर्ध्या तासाची श्रुतिका १४-१५ एमबीत होते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला हा जेमतेम शंभरावा हिस्सा. तेवढाच वेळ व्हिडिओ पाहिला तर याच्या कितीतरी पट डेटा जातो. म्हणून श्रुतिकांसाठी वेगळा मोठा पॅक मारू नका.

एक मात्र पाहा. यूट्यूबवर जुन्या श्रुतिका ऐकताना पडदा चालूच राहतो आणि चित्र स्थिर असलं तरी डेटा जास्त जातो. तिथे गुणवत्ता सर्वांत खालच्या पायरीवर आणून ठेवा, आवाजात फारसा फरक पडत नाही.

प्रवासात ऐकणार असाल तर घरच्या वाय-फायवर आधी उतरवून घ्या. पूर्व मुक्त मार्गानं दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला आणिक-पांजरपोळच्या बोगद्यात रेंज जाण्याचा अनुभव असेलच. खुनी कोण हे कळायच्या वेळी आवाज तुटला की अख्ख्या नाटकावर पाणी पडतं. फोनमध्ये एफएम असेल तर डेटा अजिबात लागत नाही, पण त्यासाठी वायरचा इयरफोन हवा, कारण त्याची वायरच अँटेनाचं काम करते. दीड-दोनशे रुपयांत मिळतो. नव्या अनेक फोनमध्ये कंपन्यांनी एफएम बंद ठेवलं होतं. ते चालू ठेवावं असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये उत्पादकांना सांगितलं. पुढचा फोन घेताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा.

आता सेटकडे वळू, कारण खरी फसगत इथेच होते.

बाजारात पाचशे-सातशे रुपयांना दिसणारे, रंगीत दिवे लागणारे, पेनड्राइव्ह लावता येणारे बहुतेक ‘रेडिओ’ फक्त एफएम पकडतात. अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर, ५५८ किलोहर्ट्झवर आहे. त्या खोक्यावर ती लागणारच नाही. खरेदी करताना पट्टीवर ‘एमडब्ल्यू’ ही अक्षरं आहेत का ते डोळ्यांनी पाहा, दुकानदाराच्या ‘सगळं लागतं’वर जाऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा एफएम-एमडब्ल्यूचा साधा सेट दीड ते अडीच हजारांत येतो. जुन्या गाण्यांनी भरलेले, दिसायला देखणे सेट याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचे असतात. गाण्यांसाठी ते छान, पण नाटकासाठी ती किंमत मोजायचं कारण नाही. माणसाचा बोलका आवाज एका छोट्या स्पीकरमधून स्वच्छ येतो. उलट धाडधाड बेस असलेल्या स्पीकरवर कुजबुजीतले शब्द गिळले जातात. ब्लूटूथ स्पीकर घेणार असाल तर दुकानात गाणं लावून पाहू नका, बातम्या लावून पाहा.

माहुलची आणखी एक अडचण आहे. इथल्या पुनर्वसन वसाहतीतल्या सात मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, घरं २२५ चौरस फुटांची आणि आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, ट्रॉम्बेचं वीजकेंद्र आणि उच्चदाबाच्या तारा. सिमेंट-लोखंडाच्या भिंतीआड मध्यम लहरी कमजोर होतात. त्यात घरातले स्वस्त एलईडी बल्ब आणि फोनचे चार्जर खरखर ओततात. म्हणून सेट घेण्याआधी शेजारपाजारच्या कुणाचा तरी एमडब्ल्यू रेडिओ अर्ध्या तासासाठी मागून आणा आणि आपल्याच खिडकीत लावून पाहा. तिथे आवाज स्वच्छ आला तर खुशाल घ्या, नाहीतर फोनवरच राहा.

लावून पाहतानाही एक युक्ती लक्षात ठेवा. मध्यम लहरींसाठी बाहेर ओढायची दांडी कामाची नाही, ती एफएमची. मध्यम लहरी पकडते ती सेटच्या पोटातली फेराइटची कांडी. ती आडवी असते आणि तिच्या बाजूनं येणारी लहर तिला उत्तम मिळते, टोकाकडून येणारी जवळजवळ मिळतच नाही. प्रक्षेपण मालाडहून होतं, म्हणजे माहुलच्या उत्तर-वायव्येला. सेटचं तोंड किंवा पाठ तिकडे करा, मग हळूहळू थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवा. एका कोनात खरखर खाली बसते आणि माणसांचे आवाज वर येतात. चार्जर भिंतीतून काढा, जवळचा एलईडी दिवा विझवा, सेट विजेवर न चालवता सेलवर चालवा. रात्री लांबची केंद्रंही मधे घुसतात, कारण अंधार पडल्यावर मध्यम लहरी आकाशातल्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर जातात. तेव्हाही हाच कोन उपयोगी पडतो.

चालवायचा खर्च अगदी किरकोळ. पाच वॅटचा सेट रोज एक तास विजेवर चालवला तर महिन्याला ०.१५ युनिट, म्हणजे दहा रुपये युनिट धरला तरी दीड रुपया. सेल महाग पडतात, पण तेवढी शांतता विकत मिळते. रोज ऐकणाऱ्यानं चार्ज होणारे सेल घ्यावेत.

चोरबाजारातल्या जुन्या मर्फी, बुश, फिलिप्सच्या लाकडी सेटचा मोह मी समजू शकते. हार्बरच्या लोकलनं सँडहर्स्ट रोड गाठलं की येण्याजाण्याचे वीस-तीस रुपये होतात, पण तिथून उचललेल्या व्हॉल्व्हच्या सेटचे हजारो मोजून वर दुरुस्तीचा खर्च येतो. अनेक वर्षं बंद असलेला सेट घरी आणून थेट प्लगमध्ये लावू नका. आतले कंडेन्सर वाळलेले असतात आणि सेट जळू शकतो. शोभेसाठी घ्या, ऐकण्यासाठी घेऊ नका.

काय ऐकायचं? मराठीत सुरुवात ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’पासून. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही तीन माणसं एका पिढीच्या घरातलीच होऊन गेली होती. बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू यांचे ते आवाज. नीलम प्रभूंची मीनावहिनी ऐकताना लक्षात येतं की वाक्य संपवण्याआधी घेतलेल्या बारीकशा थांब्यात ती बाई पंतांना किती ओळखून आहे ते सगळं येतं. रंगमंचावर यासाठी चेहरा लागला असता. रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरूनच झाली, तेव्हा ते विशीतही नव्हते. मराठी लेखकांची अशी एक शाळाच या माध्यमानं चालवली. हिंदीत विविध भारतीचं ‘हवामहल’ आहे. छोट्या, पंधरा मिनिटांच्या आसपासच्या नाटिका, भाकऱ्या थापताना पुरेशा. थेट प्रसारणाची वेळ बदलत असते, म्हणून आठवड्याचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

इंग्रजी समजत असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर अमेरिकेतली जुनी नाटकं मोफत आहेत. माझी शिफारस ‘सस्पेन्स’ मालिकेतल्या ‘सॉरी, राँग नंबर’ची. २५ मे १९४३ रोजी प्रथम प्रसारित, लेखन ल्युसिल फ्लेचर, मुख्य आवाज ॲग्नेस मूरहेड. अंथरुणाला खिळलेली एक बाई, तिच्या हातातला टेलिफोन, आणि जोडणी चुकून कानावर पडलेला खुनाचा बेत. डायल फिरवल्याचा आवाज, ‘एंगेज’चा आवाज आणि दर फोनागणिक वर चढत जाणारा तिचा स्वर, एवढ्यावर अर्धा तास उभा आहे. ती जागची हलू शकत नाही आणि आपल्यालाही काही दिसत नाही, म्हणून हे नाटक रेडिओवरच सर्वांत जोरकस होतं. ऑर्सन वेल्सचं ३० ऑक्टोबर १९३८ चं ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ त्यानंतर ऐका. ही सगळी नाटकं कमी बिटरेटवर असतात. ३२ केबीपीएसवर अर्धा तास म्हणजे ७ एमबीच. १६ जीबीच्या साध्या कार्डावर दोन हजार नाटकं मावतात. म्हणून ‘पाचशे दुर्मीळ नाटकं, फक्त ७९९’ अशा पेनड्राइव्हला हात लावू नका.

कपाटात कॅसेट आहेत का पाहा. ऐंशी-नव्वदच्या दशकात अनेकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून श्रुतिका भरून घेतल्या. त्या आज कुठेच मिळणार नाहीत, म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. कॅसेटमधून संगणकात आवाज उतरवणारं छोटं यंत्र दीड-अडीच हजारांत येतं. दुकानात देणार असाल तर आधी एकच कॅसेट देऊन निकाल पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, बाकीच्याही बिघडतील. साठ मिनिटांची कॅसेट १२८ केबीपीएसवर ५८ एमबीत बसते. दोन ठिकाणी जपून ठेवा.

वर्गणीच्या ॲपबद्दल थोडक्यात. स्टोरीटेलवर २०१७ पासून मराठी बोलकी पुस्तकं आणि ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मालिका आहेत, निर्मिती चांगली असते. दर महिन्याला चार-पाच तास ऐकणार असाल तरच घ्या. मोफत चाचणीच्या दिवशीच यूपीआयमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन संमती नीट वाचा, नको असेल तर तिथूनच रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

खरेदीआधी वेळ ठरवा, हा माझा आग्रह. हातांना काम आणि कानांना सवड असते तो अर्धा तास: माहुल गावात जाळी विणताना, मासळी निवडताना, वसाहतीत कपडे घडी करताना. नुसतं हातावर हात ठेवून बसून ऐकायचं ठरवलं की चौथ्या दिवशी फोन हातात येतो. लहान घरात एकाच्या अभ्यासात दुसऱ्याचं नाटक येऊ नये म्हणून आवाज बेताचा ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल तर स्पीकर त्यांच्या उशाशी द्या, आवाज चढवू नका.

चार शेजारी जमत असतील तर यातला सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे स्वतः वाचणं. एकांकिकांच्या पुस्तकाच्या दोन प्रती साधारण तीन-चारशे रुपयांत येतात, पात्रं वाटून घ्यायची. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या, आगीच्या तडतडीसाठी बिस्किटाच्या पुड्याचा कागद, पावसासाठी सुपात तांदूळ. हे घरात करायला कुणाची परवानगी लागत नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवात किंवा तिकीट लावून करायचं असेल, तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आणि मानधन आधी ठरवा, आणि ती रक्कम खर्चाच्या यादीत सर्वांत वर लिहा.