कुंतीचे कुंपण

खकनार व आसपासच्या निमाडी गावांत 'बागड' हा शब्द उच्चारला की बोरी-बाभळीच्या वाळक्या फांद्यांची रास डोळ्यांपुढे उभी राहते. तिला पैसा लागत नाही, हे खरे. परंतु वर्षभरात काही फांद्या वाळवी खाते, काही चुलीत जातात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा कुऱ्हाड घेऊन झाडांकडे वळावे लागते. आमची मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे कुंपणाला 'वंय' म्हणतात, आणि घरापुढची वंय हिरवी असावी, अशी हौस पुष्कळांना असते. अशा जिवंत कुंपणासाठी, विशेषतः शाळेच्या आवारात रस्त्यावरची धूळ व वर्दळ दृष्टीआड करण्यासाठी, आम्हांस कुंती हे झुडूप फार योग्य वाटते.

हिंदी भाषिक तिला कामिनी किंवा मधुकामिनी म्हणतात. ती बारमाही हिरवी असते. पाने संयुक्त, पर्णिका लहान व चकचकीत, फुले पांढरी व पाच पाकळ्यांची. फुले उमलली की संध्याकाळी त्यांचा सुगंध दूरवर जातो; दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळून जमिनीवर पांढरा सडा पडतो. पुढे लहान लांबट फळे धरतात व पिकली की लाल होतात. विद्यार्थ्यांनी हिचे एक पान तोडून सूर्याकडे धरून पाहावे. त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी होत. लिंबाच्या पानातही त्या असतात, कारण कुंती लिंबाच्याच कुळातली आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७७१ साली आपला शिष्य योहान मरे याच्या नावावरून तिच्या प्रजातीस 'मराया' हे नाव दिले. आपला कढीलिंबही दीर्घकाळ याच प्रजातीत गणला जात असे. आता त्यास 'बर्गेरा' या निराळ्या प्रजातीत घालतात. या नात्यागोत्याचा प्रश्न पुढे कुंपणाशीच येऊन भिडणार आहे, म्हणून तो येथे काढला.

लागवड मृगाचा पाऊस नीट पडल्यावर करावी. दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून त्यात कुजलेले शेणखत व थोडा मुरूम मिसळावा. आपली काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून चर भरताना माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर पुरे. पडद्यासारखे दाट कुंपण हवे असल्यास दोन ओळी घेऊन दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीच्या फटीसमोर यावे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची उणीव होय. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारल्यास पाने सुधारतात. पहिले दोन उन्हाळे मात्र कसोटीचे. बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन व नियमित पाणी हवेच, आणि शेळ्यांपासून राखण्यासाठी तेवढ्यापुरती काट्यांची बागडही हवी! कुंतीची वाढ संथ असते. छातीएवढे कुंपण होण्यास तीन-चार वर्षे लागतात, हे आधीच सांगितलेले बरे.

आता कात्रीविषयी. पुष्कळ ठिकाणी कुंपण भिंतीसारखे सपाट दिसावे म्हणून ते महिन्या-महिन्याला छाटतात, आणि मग फुले येत नाहीत अशी तक्रार करतात. कुंतीची फुले नव्या फुटीच्या टोकांवर येतात. टोकेच उडवली तर सुगंध कोठून येणार? बहर ओसरल्यावर, वर्षातून एक-दोन वेळा छाटणी पुरेशी आहे. छाटताना तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते व बुंधा उघडा पडत नाही.

वारंवार छाटणीचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. 'सिला' नावाचा एक अगदी लहान किडा लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या फुटीवर अंडी घालतो, आणि कुंतीच्या फुटीवरही तो तितक्याच आनंदाने वाढतो. सतत छाटलेल्या कुंपणाला सतत कोवळी फूट येते. म्हणजे आपण त्याचा पाळणाच हलवीत राहतो. हा किडा 'ग्रीनिंग' हा रोग झाडाझाडांत पसरवतो. रोगट झाडाची फळे लहान, वाकडी व कडवट होतात, आणि झाड बरे करणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ साली आढळला. तेथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. त्यात चक्रीवादळांचाही हात होता, परंतु मोठा वाटा या रोगाचा.

हे दूर देशीचे म्हणून सोडून देता येत नाही. मेळघाट ओलांडला की अचलपूर, मोर्शी, वरूड हा संत्र्यांचा मुलूख लागतो, आणि आपल्याकडेही परसात लिंबाचे झाड पुष्कळांकडे असते. यास्तव ज्यांच्या शेतात संत्री, मोसंबी वा लिंबाची बाग आहे, त्यांनी कुंतीचा मोह धरू नये. तिची रोपेही बागायती मुलखातून आणू नयेत. घरच्या लाल फळांचा गर धुऊन ताजे बी लगेच पेरावे, कारण बी ठेवून दिल्यास त्याची उगवणशक्ती लवकर जाते.

बागवाल्यांसाठी मेंदी आहेच. तिची पाने कुंतीइतकी तुकतुकीत नसतात व कडक कोरड्या दिवसांत काही गळतातही. परंतु ती थोड्या पाण्यावर तग धरते, तिच्या बारीक फुलांचा सुवास असा की त्यांचे अत्तर काढतात, आणि तिची छाटलेली पाने टाकून देण्याचा प्रसंग, घरात मुली असतील तर, सहसा येत नाही.