ऑपरेशननंतरची गोळी घड्याळ बघून घ्या

“डॉक्टर, अगदीच सहन होईना तेव्हा एक गोळी घेतली.” हर्नियाचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले रुग्ण हे कौतुकाने सांगतात आणि मला काळजी वाटते. दुखणं एकदा चढलं की साधी गोळी पुरत नाही. मग ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या वर्गातलं औषध लागतं. त्याने मळमळ होते, शौचाला होत नाही, गुंगी येते. त्या गुंगीत आजी रात्री बाथरूमला जायला उठल्या आणि पडल्या, तर?

म्हणून पहिले दोन-तीन दिवस पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला घ्याच, त्या क्षणी दुखत नसलं तरी. ‘तापाची गोळी काय करणार?’ असं म्हणू नका. तिच्या जोडीला आयबुप्रोफेन दिलं, तर कोणत्याही एकापेक्षा दोन्ही मिळून जास्त आराम देतात, कारण त्यांची काम करण्याची पद्धत वेगळी आहे. मात्र किडनीचा किंवा हृदयाचा आजार, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यांतलं काहीही असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एक चूक घरोघरी होते. ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा आणि बेरीज करा. निरोगी, प्रौढ माणसालाही दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा आणखी खाली येते.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना जरूर विचारा, की माझ्या ऑपरेशनला नर्व्ह ब्लॉक देता येईल का? तो भाग काही तास बधिर राहतो आणि सर्वांत कठीण वेळ निभावते.

एवढं करूनही खोकता येत नसेल, खोल श्वास घेता येत नसेल, पाऊल टाकवत नसेल, तर लिहून दिलेली ट्रॅमाडॉल घ्या. त्यात कमीपणा नाही. दुखण्याच्या भीतीने पडून राहिलात, तर छातीत कफ साठतो, पायात गुठळी होऊ शकते. फक्त ती गोळी लागेल तेवढीच घ्या, उरलेली पट्टी शेजाऱ्यांच्या कंबरदुखीसाठी देऊ नका. २०१८पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, ते उगाच नाही.

कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढलं, ताप आला, जखमेतून पू आला किंवा एकच पोटरी सुजली, तर गोळी वाढवू नका. त्याच दिवशी सर्जनना दाखवा.