जिप्सीत बसलेला माणूस

तीस वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकासाठी आशाताई आजारांचा धोका जोखणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात हालचालीवर एकच प्रश्न आहे: आठवड्यात किमान 150 मिनिटं शारीरिक हालचाल होते का? ‘नाही’ला एक गुण. एकूण बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या मोहर्लीकडच्या गावांत असे फॉर्म भरताना मी सोबत असायचो. नव्याने जाणाऱ्यांना थोडं सांगून ठेवतो.

रोवणीवरून आलेली बाई बेधडक ‘नाही’ म्हणते. हालचाल म्हणजे तिच्या लेखी सकाळी फिरायला जाणं, आणि ते चंद्रपूरच्या आझाद बगिच्यात. इथे अंधारात रस्त्यावर वाघ असतो. तिच्यावर फुकट एक गुण चढला तर फार बिघडत नाही. फार तर बीपी, साखर आधी तपासली जाईल.

मला धास्ती उलट्या चुकीची. सफारीची जिप्सी चालवणारा किंवा गाईड पहाटे उठतो, सकाळ-दुपार दोन्ही फेऱ्या करतो, धूळ खातो, हाडं खिळखिळी करून घरी येतो. ‘उसंत कुठं आहे साहेब?’ झालं, ‘हो’वर खूण! पण जंगलात गाडीतून उतरायलाच मनाई. थकवा खरा, चालणं नाही. असा माणूस तपासणीत मागे पडतो. म्हणून कंबरेला टेप कंटाळा न करता लावा. त्याच फॉर्मात पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 च्या वर गेली की गुण सुरू होतात.

जागतिक आरोग्य संघटनेची 16 प्रश्नांची जीपॅक प्रश्नावली काम, येणं-जाणं, मोकळा वेळ आणि बसणं वेगवेगळं विचारते. फॉर्मात हालचालीचा एकच प्रश्न असला तरी ही वाट धरायला कोणाची हरकत नसते. कालचा दिवस उठल्यापासून विचारा: पाणी नळाचं की बोअरचं, शेतावर पायी की मोटारसायकलनं, काम करताना दम लागतो की गप्पा मारता येतात. ‘दिवसभर’ हे उत्तर लिहून घेऊ नका. शिदोरी आणि झाडाखालची झोप वजा करा. सुनेचं उत्तर सासूकडून तर मुळीच नको.

आणि महिना बघा. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा कोअर भाग सफारीला बंद असतो, तेव्हा हाच गाईड धानाच्या बांधीत चिखल तुडवत असतो. ऑगस्टच्या ‘हो’वर डिसेंबरात भरवसा ठेवता येत नाही. मे महिन्यात तेंदूपानाला निम्मं गाव जातं, तेव्हा तर जो तो सक्रिय. फॉर्मच्या कडेला सध्या काय काम चालू आहे ते खरडून ठेवा. पुढच्या खेपेला आशाताईंना तेवढ्यावरून पुन्हा विचारता येतं.

कमी हालचालीचा माणूस सापडलाच, तर ‘पहाटे चालत जा’ हा छापील सल्ला देऊ नका. मोहफुलं वेचायला भल्या पहाटे गेलेल्यांवर या जिल्ह्यात हल्ले झालेले आहेत. वेळ उजेडातली, जागा वस्तीतली. शाळेचं पटांगण चालेल का, हे त्यालाच विचारून ठरवा.